भूकंप थांबल्यावर जे सुरू होतं

दरवर्षी ११ मार्च जवळ आला की माझ्या फोनवर तोच फॉरवर्ड येतो. ‘जपानकडून शिकण्यासारख्या दहा गोष्टी.’ २०११ च्या त्सुनामीनंतर लोक पाण्यासाठी रांगेत कसे उभे राहिले, ढकलाढकली कशी झाली नाही, म्हाताऱ्यांना आधी कसं दिलं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : हे त्यांच्या रक्तातच आहे हो, आपल्याकडे कधी होणार असं?

मी त्या दिवशी टोकियोत होते. आजही इथेच आहे. रांगा खऱ्या होत्या, मी स्वतः त्या रांगांमध्ये उभी राहिले आहे. ‘रक्तात’ हा शब्द मात्र साफ चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे सांगायला मला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल आणि मधे माझी स्वतःची एक चूकही कबूल करावी लागेल. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं. ओतेमाचीतल्या आमच्या ऑफिसचा नववा मजला. इथे हादरे अधूनमधून बसतातच, त्यामुळे पहिले दहा-पंधरा सेकंद कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मग ते थांबेचना. समोरची उंच इमारत उसासारखी डुलताना दिसत होती. मी टेबलाखाली शिरले. भूकंपाची तीव्रता पुढे ९.० ठरली. जपानमध्ये यंत्रांनी मोजलेला हा सगळ्यात मोठा भूकंप. उत्तरेच्या किनाऱ्यावर त्सुनामीनं जवळजवळ १६ हजार माणसं नेली, अडीच हजारांवर आजही बेपत्ता आहेत. पण त्या क्षणी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

साधारण अर्ध्या तासानं, सव्वातीन वाजता, दुसरा मोठा धक्का आला. इबाराकीच्या समुद्रात, ७.६ तीव्रतेचा. नियमाप्रमाणे त्याचं नाव ‘आफ्टरशॉक’. म्हणजे नंतरचा, शेपटासारखा. आणि हा शेपूट आपल्या किल्लारीच्या मुख्य भूकंपाच्या कितीतरी पट मोठा होता.

गाड्या बंद. राजधानीच्या परिसरात त्या रात्री सुमारे ५० लाख माणसांना वेळेवर घरी पोचता आलं नाही. मी त्यातलीच एक. सुमिदा आणि आराकावा या दोन नद्या ओलांडत निशी-कासाईपर्यंत दहाएक किलोमीटर चालत गेले. फुटपाथवर हजारो माणसं, आणि आवाज फक्त बुटांचा. आईचा फोन लागला तो मध्यरात्रीनंतर. तिनं एकच विचारलं, “बाहेर झोपलीस का आत?”

हा प्रश्न फक्त आमच्याकडचीच माणसं विचारतील.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून सगळी गावं गाढ झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी आमच्या भागातली घरं. उन्हाळ्यात गार, आणि पडली की थडगं. आमच्या घराची गोठ्याकडची बाजू गेली, आम्ही वाचलो. पुढचे तीन महिने अंगणात पाल ठोकून झोपलो. रोज रात्री कुणीतरी नवी तारीख घेऊन यायचं : “आज बाराला येणार हाय म्हणं.” कोण म्हणतंय ते कधीच कळायचं नाही.

मदतीचे ट्रक यायचे. जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग. त्यात एकेरी बूट, नायलॉनच्या फाटक्या साड्या, एकदा तर लग्नातला सुटाचा कोट. तो कोट आजीनं थंडीत बैलाच्या पाठीवर टाकला. एक दिवस एक तरुण आला, ट्रकबिक काही न घेता, वही घेऊन. त्यानं विचारलं, “आजी, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?” आजी म्हणाली, “तवा द्या बाबा. बाकीचं बघू आम्ही.” चार दिवसांनी तो तवा घेऊन आला. तो मुलगा कोण, कुठल्या संस्थेचा, मला माहीत नाही. तवा अजून घरी आहे.

तर इतका अनुभव गाठीशी असलेल्या मी टोकियोत काय केलं? ते सांगते.

भूकंपात चिबाच्या किनाऱ्यावर एका तेलशुद्धीकरण कारखान्याच्या टाक्यांना आग लागली होती. टीव्हीवर तीच दृश्यं पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी एक मेसेज आला : आगीतली विषारी द्रव्यं ढगांत मिसळली आहेत, पावसाबरोबर खाली येतील, बाहेर पडू नका, जास्तीत जास्त लोकांना कळवा. मी तो जपानीतून मराठीत आणि इंग्रजीत केला आणि ईमेलनं, फेसबुकवर साठ-सत्तर भारतीय कुटुंबांना पाठवला. वर लिहिलं, ‘खात्रीलायक’. कशाची खात्री? पाठवणारी ऑफिसातली जपानी मैत्रीण होती, एवढीच.

मेसेज खोटा होता. तिथल्या नगरपालिकेनं आणि कारखान्यानंही लगेच तसा खुलासा केला. मी खुलासाही फॉरवर्ड केला, पण खुलाशाचे पाय लंगडे असतात. आठवड्यानं कळलं की आमच्याच सोसायटीतल्या एका ताई माझा मेसेज वाचून दीड दिवस घराबाहेर पडल्याच नव्हत्या. तान्ह्या बाळाच्या दुधाचा डबा संपला होता. खालच्या मजल्यावरच्या जपानी आजींना बाळाचं रडणं ऐकू आलं आणि त्यांनी डबा आणून दिला. ताई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या लाजेतूनच मी जपानच्या भूकंपांचा इतिहास वाचायला लागले. आणि पहिल्यांदा समोर आलं ते माझंच भावंड, फक्त कितीतरी भयंकर रूपात.

पण त्याआधी एका माणसाची ओळख करून देते. २८ ऑक्टोबर १८९१ ला मध्य जपानात नोबीचा भूकंप झाला. तीव्रता ८ च्या आसपास, ७ हजारांवर मृत्यू. त्यानंतर महिनोन्‌महिने जमीन हलत राहिली. फुसाकिची ओमोरी नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं हे धक्के मोजले आणि १८९४ मध्ये एक साधा नियम मांडला : धक्क्यांची संख्या काळाच्या उलट प्रमाणात घटते. ढोबळमानानं पहिल्या दिवशी शंभर असतील तर दहाव्या दिवशी दहा, शंभराव्या दिवशी एक. म्हणजे आधी झपाट्यानं घटतात, मग रेंगाळतात, आणि शून्य कधी होतच नाहीत. नोबीचे आफ्टरशॉक शंभर वर्षांनंतरही याच नियमानं येताना मोजले गेले आहेत. जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ आजही ‘ओमोरीचा नियम’ म्हणतात तो हाच.

ओमोरी थोर माणूस. पण त्याच्या हातूनही एक चूक झाली. १९०५ मध्ये त्याचाच सहकारी आकित्सुने इमामुरा यानं लिहिलं की टोकियो भागात मोठा भूकंप येऊ घातला आहे, आणि लाकडी घरांच्या या शहरात आगी लागल्या तर लाखावर माणसं मरतील. वर्तमानपत्रांनी ते भडक करून छापलं, लोक घाबरले. ओमोरीनं घबराट थांबवण्यासाठी इमामुराचं म्हणणं जाहीरपणे खोडून काढलं. हेतू चांगला होता.

१ सप्टेंबर १९२३, सकाळचे ११ वाजून ५८ मिनिटं. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या. कांतोचा महाभूकंप, तीव्रता ७.९. पाठोपाठ पाच मिनिटांच्या आत आणखी दोन मोठे धक्के. मग आग. टोकियोच्या होन्जो भागात लष्करी कपड्यांच्या जुन्या कारखान्याचं मोकळं मैदान होतं. लोक संसार पाठीवर घेऊन तिथे जमले. आगीचं वावटळ त्या मैदानावर आलं आणि एकट्या त्या जागी सुमारे ३८ हजार माणसं जळून मेली. एकूण मृत आणि बेपत्ता १ लाख ५ हजारांच्या आसपास. इमामुराचा आकडा खरा ठरला. ओमोरी त्या वेळी परिषदेसाठी ऑस्ट्रेलियात होता. सिडनीच्या रिव्हरव्ह्यू वेधशाळेत भूकंपमापकाची सुई आपल्याच देशाचा भूकंप काढत असताना तो समोर उभा होता. आजारी अवस्थेत परतला आणि नोव्हेंबरमध्ये वारला.

आता फॉरवर्डवाल्या ‘रक्ता’कडे येऊ.

भूकंपाच्या त्याच रात्रीपासून टोकियो-योकोहामात अफवा सुटल्या : कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत, आगी लावतायत. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होता, पोटासाठी आलेले हजारो कोरियन मजूर इथे राहत होते. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या जळालेल्या, तारा तुटलेल्या. जमीन दर थोड्या वेळानं हलतेय, कुणालाच झोप नाही. अशा वेळी ‘कुणीतरी म्हणतंय’ हीच बातमी. आणि ही अफवा नुसती गल्लीतली राहिली नाही. पोलीस आणि सरकारी यंत्रणेनंही ती पुढे ढकलली. गल्लोगल्ली ‘संरक्षक दलं’ उभी राहिली. बांबूचे भाले, तलवारी, आकड्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे शब्द जपानीत म्हणायला लावायचे. उच्चार अडखळला की तो कोरियन. त्यात चिनी मेले, बोली वेगळी असलेले काही जपानीही मेले. किती? आकड्यांवर अजून वाद आहे. काहीशेंपासून सहा हजारांपर्यंत अंदाज आहेत. जपान सरकारच्याच आपत्ती-इतिहासाच्या अहवालात म्हटलंय की एकूण बळींपैकी एक ते काही टक्के लोक असे मारले गेले असावेत. म्हणजे हजार किंवा त्याहूनही जास्त.

हे करणारे कोण होते? शेजारी. दुकानदार, सुतार, शेतकरी. ज्यांची पतवंडं २०११ मध्ये पाण्याच्या रांगेत शांतपणे उभी होती, तेच.

सगळेच तसे नव्हते, हेही सांगायला हवं. योकोहामाजवळच्या त्सुरुमीचे पोलीस प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे ३०० कोरियन आणि चिनी लोकांना ठाण्यात आसरा दिला आणि चालून आलेल्या जमावासमोर स्वतः उभे राहिले. जमावानं विषारी म्हणून आणलेलं पाणी त्यांनी सगळ्यांदेखत पिऊन दाखवलं, असं सांगतात. कोबेच्या गरीब वस्तीत काम करणारे तोयोहिको कागावा मदत घेऊन टोकियोला धावले आणि होन्जोतच तंबू ठोकून राहिले. टोकियो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी निर्वासितांच्या छावण्यांमध्ये अन्नवाटप, हरवलेल्या माणसांची चौकशी अशी कामं अंगावर घेतली. पुढच्या वर्षी त्यातूनच कामगार वस्तीत त्यांचं कायमचं सेवाकेंद्र उभं राहिलं.

आणि यात आपलीही माणसं होती. योकोहामाला तेव्हा रेशमाचा व्यापार करणारे भारतीय व्यापारी होते, बरेचसे सिंधी. शहर बेचिराख झालं, काही भारतीय दगावले, उरलेले बरेच जण कोबेला गेले. पण योकोहामाकरांनी त्यांना संकटात आधार दिला आणि पुढे शहरानं त्यांना परत यावं म्हणून प्रयत्न केले. १९३९ मध्ये भारतीयांनी त्याची आठवण म्हणून यामाशिता बागेत घुमटाची एक छत्री बांधली. आत पाण्याचा नळ. लोक तिला ‘इंदो सुइतो’ म्हणतात, म्हणजे भारतीय पाणवठा. आजही दर १ सप्टेंबरला तिथे लहानसा कार्यक्रम होतो.

मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. त्याच शहरात, त्याच आठवड्यात, एका परक्याला पाणी मिळालं आणि दुसऱ्या परक्याला पाण्याच्याच नावानं मारलं. जमीन एकच, माणसंही तीच.

मग बदललं काय? रक्त तर नाही. बदललं ते हळूहळू, चुका मोजून.

१७ जानेवारी १९९५, पहाटे ५.४६. कोबेचा भूकंप. ६,४३४ मृत्यू. सरकार गोंधळलेलं, सैन्य उशिरा पोचलं. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. मग देशभरातून माणसं स्वतःहून यायला लागली. वर्षभरात १३ लाखांहून अधिक. त्या वर्षाला जपानमध्ये ‘स्वयंसेवेचं पहिलं वर्ष’ म्हणतात आणि १७ जानेवारी आता ‘आपत्ती निवारण आणि स्वयंसेवा दिन’ म्हणून पाळला जातो. १९९८ मध्ये छोट्या सेवासंस्थांना नोंदणी सोपी करणारा कायदा आला.

पण कोबेतही आमच्या औशासारखंच झालं. जुन्या कपड्यांचे डोंगर आले, ते ठेवायला जागा नाही, निवडायला माणसं नाहीत. हौशी तरुण रिकाम्या हातानं आले आणि भूकंपग्रस्तांच्याच छावणीत जेवले. त्याहून वाईट म्हणजे तात्पुरती घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. म्हाताऱ्यांना आधी दिली, हेतू चांगलाच. पण शेजार तुटला. त्या पत्र्याच्या घरांमध्ये दोनशेहून अधिक माणसं एकटी, कुणालाही न कळता मेली. भूकंपातून वाचलेली माणसं.

हे सगळं लिहून ठेवलं गेलं. आणि २००४ मध्ये निइगाताच्या डोंगरात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी गावाला हलवताना वाडीच्या वाडी एकत्र वसवली. शेजारी तेच, गप्पा त्याच. एक चूक दुरुस्त व्हायला नऊ वर्षं लागली, पण झाली.

त्या लिहून ठेवण्याचा अर्थ मला इशिनोमाकीत कळला.

२०११ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले. त्याआधी ७ एप्रिलच्या रात्री साडेअकराला ७ च्या वरचा आणखी एक आफ्टरशॉक बसला होता, उत्तरेत जेमतेम परत आलेली वीज पुन्हा गेली होती. आई फोनवर म्हणाली, “अगं जमीन अजून निजली नाही, तू कुठं निघालीस?” मी म्हटलं, “आई, तो वहीवाला आठवतो का?” ती गप्प झाली.

इशिनोमाकीत चार हजारांच्या आसपास माणसं मृत किंवा बेपत्ता. तिथल्या एका विद्यापीठाच्या मैदानावर स्वयंसेवकांचे तंबू. नियम साधे पण कडक. आपलं अन्न, पाणी, तंबू आपण आणायचं, कचरा आपण परत न्यायचा. काहीशे येनांचा विमा आधी उतरवायचा. बुटात खिळे घुसू नयेत म्हणून लोखंडी तळवे. छातीवर चिकटपट्टीवर नाव. प्रत्येक घरमालकाला काय हवं याची चिठ्ठी केंद्रावर भरलेली, त्या चिठ्ठीतलंच काम करायचं. आणि काम सुरू करण्याआधी गटप्रमुख बोट दाखवून सांगायचा : भोंगा वाजला की फावडं टाकायचं आणि त्या टेकडीवर पळायचं. दिवसातून दोन-तीनदा तरी जमीन हलायची. आम्ही सगळे एकदम त्या टेकडीकडे बघायचो, मग पुन्हा चिखल उपसायला लागायचो. तो चिखल म्हणजे समुद्राचा काळा गाळ, त्यात तेल, मासळी, सांडपाणी. पोत्यात भरायचा, रस्त्याकडेला रचायचा. एका घरातून दहाजणांनी दोन दिवसांत चारशेवर पोती काढली.

पहिल्याच दिवशी मी एक फुटकी फ्रेम ‘कचरा’ म्हणून बाजूला टाकली. गटप्रमुखानं हळूच उचलून ठेवली. म्हणाला, “कचरा काय ते घरचे ठरवतील.” त्सुनामीत सापडलेले फोटो धुऊन, वाळवून लोकांना परत देण्याचं कामही अनेक ठिकाणी चाललं होतं. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यासाठी लग्नाचा तो एक फोटो म्हणजे काय, हे आपण नाही ठरवायचं.

त्या घरच्या आजींना मी विचारलं, तुम्हाला नेमकं काय शोधून देऊ? मला वाटलं दागिने सांगतील. त्या म्हणाल्या, “लोणच्यावर ठेवायचा दगड. सासूबाईंचा होता.” चिखलात दगड शोधायचा! पण सापडला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गुळगुळीत, पालथ्या वाटीएवढा. त्यांनी तो पदराला पुसावा तसा एप्रनला पुसला. मला आमचा तवा आठवला आणि मी मास्कच्या आत रडून घेतलं.

त्याच किनाऱ्यावर थोडं पलीकडे, ओनागावात, मार्चच्या शेवटी आपल्या एनडीआरएफचे ४६ जवान येऊन शोधकार्य करून गेले होते. या दलाची परदेशातली ती पहिलीच कामगिरी. मी भारतीय आहे म्हटल्यावर एका काकांनी वाकून दोनदा आभार मानले. मी काहीच केलं नव्हतं, पण मान आपोआप खाली गेली.

एक गोष्ट मात्र जपानलाही २०१६ पर्यंत नीट कळली नव्हती. ती म्हणजे ‘आफ्टरशॉक’ या शब्दाचा धोका. १४ एप्रिल २०१६ च्या रात्री कुमामोतोत ६.५ चा भूकंप झाला. नेहमीप्रमाणे सूचना निघाल्या : आता आफ्टरशॉक येतील, सावध राहा. लोकांनी त्याचा अर्थ काय घेतला? की मोठा होऊन गेला, आता लहान येतील. पुष्कळ जण घरी परतले. १६ तारखेला पहाटे १.२५ ला ७.३ चा आला. पहिला होता तो पूर्वधक्का. घरं पडून वगैरे थेट मृत्यू ५०. पण त्यानंतर आत झोपायची भीती वाटून लोक गाड्यांमध्ये झोपले, पायात रक्ताच्या गाठी झाल्या, म्हाताऱ्यांचे आजार बळावले, आणि अशा ‘नंतरच्या’ मृत्यूंची संख्या दोनशेच्या वर गेली. थेट मृत्यूंच्या चौपट. आईचा तो प्रश्न, बाहेर झोपलीस का आत, किती नेमका होता बघा.

त्याच वर्षी सरकारी भूकंप समितीनं ठरवलं : इशारा देताना ‘आफ्टरशॉक’ म्हणायचं नाही, ‘एवढाच मोठा धक्का पुन्हा येऊ शकतो’ असं सांगायचं. एका शब्दानं माणसं मरतात हे कबूल करून शब्द बदलणं, याला मी शिस्त म्हणते. रांग ही त्या मानानं सोपी गोष्ट.

आणि अफवा? त्या आहेतच. कुमामोतोच्या पहिल्या रात्री कुणीतरी रस्त्यावरच्या सिंहाचा फोटो टाकून लिहिलं की प्राणिसंग्रहालयातून सिंह सुटलाय. त्याला पुढे अटक झाली. त्याच दिवसांत ‘कोरियन लोकांनी विहिरीत विष टाकलं’ हे १९२३ चं वाक्यही नेटवर पुन्हा फिरलं. काहींनी थट्टा म्हणून टाकलं म्हणे. ९३ वर्षांनंतरचा आफ्टरशॉक. ओमोरीचा नियमच आहे, शून्य कधी होत नाही.

१ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ चा भूकंप झाला तेव्हा खोट्या पत्त्यांसह ‘आम्हाला वाचवा’ अशा पोस्ट पडल्या, नुसत्या व्ह्यूजसाठी. रस्ते तुटलेले, म्हणून प्रशासनानं स्वयंसेवकांना आधी येऊ नका म्हणून सांगितलं. त्यावर खूप वाद झाला. योग्य होतं असं काही म्हणतात, त्यामुळे म्हातारी माणसं थंडीत एकटी पडली असं काही म्हणतात. मी वसंतात गेले, कानाझावाहून पहाटेच्या बसनं. जाण्यायेण्यातच दिवस जायचा, हातात कामाचे चार-पाच तास. तिथे मी चिखल नाही उपसला. कोबेपासून चालत आलेलं एक काम आहे, पाय शेकायचं. टबात गरम पाणी, म्हाताऱ्या माणसाचे पाय त्यात, आपण त्यांचे हात चोळायचे. विचारायचं काही नाही. ती आपणहून बोलतात. एक आजोबा म्हणाले, “भूकंपात मेलो असतो तर बातमीत आलो असतो.” नोतोत थेट मृत्यू २२८. नंतर थकव्यानं, आजारानं, छावणीतल्या थंडीनं गेलेल्यांची संख्या त्याहून जास्त झाली आहे. त्यांची बातमी होत नाही हे खरंच.

म्हणजे नऊ भूकंपांचा अनुभव असलेला देशही दहाव्याला चुकतो. फरक इतकाच की तो चूक वहीत लिहितो, आणि ती वही पुढच्या गावाला देतो. निदान बऱ्याचदा देतो. होन्जोच्या त्या मैदानाच्या जागी आज एक बाग आहे, योकोआमिचो. तिथे भूकंपात गेलेल्यांचं स्मारक आहे आणि १९७३ पासून मारल्या गेलेल्या कोरियन लोकांसाठी एक दगडही आहे. त्या दगडावरून आजही वाद होतात, असं काही घडलंच नाही म्हणणारे येऊन उभे राहतात. वहीतली सगळ्यात अवघड पानं कोणती, ते यावरून कळतं.

मी दर १ सप्टेंबरला त्या बागेत जाते. कोरियन दगडासमोर उभी राहते आणि मला तो ‘खात्रीलायक’ ईमेल आठवतो. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, मला कळतं. पण सुरुवात सारखी आहे : जमीन हलतेय, झोप नाही, भीती आहे, आणि पुढे पाठवल्यानं आपण काहीतरी केलं असं वाटतंय.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास फुकुशिमाच्या समुद्रात ७.३ चा धक्का बसला. हवामान खात्यानं सांगितलं, हा २०११ चाच आफ्टरशॉक. दहा वर्षांनी! दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवलं. वय नव्वदीकडे झुकलेलं, डोक्यावर हेल्मेट, हातात बॅटरी. “ठीक आहेस ना? गॅस बंद केलास?” बस, एवढंच. मग त्या पुढच्या दारावर गेल्या. मीही चप्पल घातली आणि वरचा मजला मी घेतला.

तर यंदा तो फॉरवर्ड आला की मी काय करते, ते सांगून थांबते. पाठवणाऱ्याला एवढंच विचारते, तुमच्या मजल्यावर एकटं कोण राहतं, माहीत आहे का? दहापैकी आठजण उत्तर देत नाहीत. दोघं देतात. त्या दोघांसाठी ही पोस्ट.